हिराक्का, माझ्या फ्रेंचच्या बाई

अक्का, तुमच्याबद्दल चार ओळी लिहायला बसले आणि पहिल्याच क्रियापदावर अडले. 'होत्या' लिहू की 'व्हत्या'? 'होत्या' लिहिलं तर तुम्ही म्हणणार, "ही कोन बाई? मला वळखू येईना." आणि 'व्हत्या' लिहिलं तर छापणारे ते दुरुस्त करून टाकणार. म्हणून तुमच्याशीच बोलते. समोरासमोर बोलताना 'होत्या'ची गरज लागत नाही.

गेले काही दिवस भेटायला येणारी माणसं तुमचं वय विचारताहेत, आजार किती दिवसांचा होता ते विचारताहेत, सुना-नातवंडांचं विचारताहेत. सगळ्यांना सगळं सांगून झालं, ते पुन्हा इथे सांगत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या वारूळवाडीत ती घरातल्या चार-पाच जणांपलीकडे कुणाला माहीत नव्हती, आणि त्यातल्याही निम्म्यांना ती थट्टा वाटायची. मला फ्रेंच बोलायला तुम्ही शिकवलं. तुम्ही, माझ्या थोरल्या जाऊबाई, सातवी शिकलेल्या, टोमॅटो निवडणाऱ्या.

मी हडपसरची. अकरावीला फ्रेंच घेतलं ते त्यात मार्क पडतात असं मैत्रिणी म्हणाल्या म्हणून. पुढे मात्र ते आवडायला लागलं. बी.ए. झालं, लग्न ठरलं, आणि पुण्यातल्या संस्थेची वरची एक परीक्षा तेवढी राहून गेली. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बॅगेत चार पुस्तकं आणि दोन कॅसेटी होत्या. रविवारचा वर्ग करायला पुण्याला जाऊ का, असं मी सासूबाईंना विचारलं तो दिवस आठवतो. आपण दोघी त्यांना आत्याबाई म्हणायचो.

"रविवारी मानसं येत्यात, शेतावर बाया असत्यात, आन् ही फ्रेंच शिकाया पुन्याला जानार?" आत्याबाई म्हणाल्या. "इथं कोन बोलनार हाय तिच्याशी?"

विलास मान खाली घालून चहा पीत राहिले. नव्या नवऱ्याने आईपुढे काय बोलावं, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही भाकरी थापत होतात. हात न थांबवता म्हणालात, "आत्याबाई, तिच्या वाटनीचं म्या करते. येका दिसाचं तर हाय."

आपली धड ओळखही झाली नव्हती तेव्हा. तुम्ही माझी बाजू का घेतलीत, हे मी पुढे कितीदा विचारलं. दर वेळी तुमचं उत्तर वेगळं. कधी म्हणायचात, "तू रडशील वाटलं." कधी म्हणायचात, "मला ती टेपवरची बाई आयकायची व्हती." खरं कोणतं, ते कळलंच नाही.

ती टेपवरची बाई आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारभर बोलायची. बाजाराला जायचा माल आपण निवडत असायचो, मोठा इकडे, बारीक तिकडे, आणि पालथ्या क्रेटवर टेप ठेवलेला असायचा. पंधरा दिवस तुम्ही निमूट ऐकलंत. मग एकदा म्हणालात, "सुजाता, ह्या बाईला इसरभोळेपना हाय का गं? त्येच त्येच चारदा म्हनती."

मी हसले. सांगितलं, हे 'बोलणे' हे क्रियापद आहे. जे पार्ल, मी बोलते. तू पार्ल, तू बोलतोस. इल पार्ल, तो बोलतो. आणि पुन्हा इल पार्ल, ते बोलतात. ऐकायला चारही सारखे, लिहायला मात्र सगळे शेवट सारखे नाहीत. खडूने क्रेटवर लिहून दाखवलं. "हे बघा, 'ते बोलतात' याच्या शेवटी ई-एन-टी."

"ई-एन-टी म्हंजी नारायनगावात कान-नाक-घशाच्या डाक्टरची पाटी हाय, त्येच ना?"

"तीच अक्षरं."

"आन् म्हनायचं न्हाई?"

"नाही. लिहायचं, पण म्हणायचं नाही."

"मंग कान, नाक, घसा असून काय उपेग?"

शेडमधल्या बायका एवढ्या हसल्या की आत्याबाई बघायला आल्या.

थोड्या वेळाने तुम्हीच म्हणालात, "आपलं बरं हाय. बोलतो, बोलती, बोलत्यात. शेवट आयकला की कळतं कोन बोलतंय. त्यांच्यात आधी सांगावं लागतं." कॉलेजात सरांनी हे आम्हाला एक अख्खा तास घेऊन समजावलं होतं. तुमच्या हातात तेव्हा दोन हिरवे टोमॅटो होते.

पहिल्या वर्षी मी तोंडी परीक्षेत नापास झाले. लेखीत वरचे मार्क, तोंडीत नापास. उतारा वाचायला दिला होता. घाबरले, आणि डोळ्यांना दिसलं ते तोंडातून आलं. 'इल पार्ल' म्हणायच्या जागी प्रत्येक वेळी 'इल पार्लाँ' म्हणत गेले, त्या मुक्या ई-एन-टीसकट. परीक्षक म्हणाले, "तुमचं व्याकरण चांगलं आहे. पण तुम्ही बोलत नाही, वाचता."

घरी आले. तुम्ही शेडमध्येच होतात. काय झालं ते सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "मला वाटतच व्हतं. तू शेपटासकट बोलतीस. ती बाई शेपूट सोडून देती."

ते माझ्या जिव्हारी लागलं. आत्याबाईंनी एका शब्दाने टोमणा मारला नव्हता, विलासने पाठीवरून हात फिरवला होता, आणि नेमकं खरं काय ते तुम्ही सांगितलंत. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही सातवी शिकलेल्या. तुम्हाला यातलं काय कळतंय?"

तुम्ही हातातला चांगला मोठा टोमॅटो बारीक मालाच्या क्रेटमध्ये टाकलात आणि पुढचा उचललात. तुमची निवड चुकलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

तीन दिवस आपण कामापुरतं बोललो. चौथ्या दिवशी दुपारी मी विहिरीकडून आले तर शेडमधून फ्रेंच ऐकू येत होतं. वाटलं, टेप चालू आहे. आत पाहिलं तर वीज नव्हती, टेप बंद होता, आणि तुम्ही एकट्या बसून म्हणत होतात, "नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल." तो घशातला 'र' सुद्धा जिथल्या तिथे. मला तो इतक्या वर्षांत नीट साधला नव्हता.

"हा 'र' कसा जमला तुम्हाला?"

"गुळनी करताना घशात व्हतं, त्येच की." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात. मग शेजारची गोणी सारून जागा केलीत. "बस हितं. पुस्तक तिकडं ठिव."

माझी शिकवणी सुरू झाली ती अशी. तुमची रीत साधी होती. क्रेटवर बोटांनी ठोके द्यायचे. नू, पार्, लों, तीन ठोके. इल्, पार्ल्, दोन. तिसरा ठोका पडला की समजायचं, शेपूट आलं. मी वाचायला लागले की तुम्ही पुस्तक मिटायचात. एकदा मी हट्टाने तुम्हाला पुस्तकातलं पान दाखवलं. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर तो कुठे तोडायचा, याचे नियम होते. त्यात 'पार्ल'चेच दोन तुकडे केलेले, पार् एका ओळीत आणि लेंट पुढच्या ओळीत. "बघा, पुस्तकात दोन आहेत."

"कागदावर असत्याल. तोंडात येकच हाय."

"पण असं कसं? लिहिताना दोन, बोलताना एक?"

तुम्ही जरा विचार केलात. "आपन 'करतात' कसं लिवतो?"

"क, र, ता, त."

"चार झाली. आता म्हनून दाव."

मी म्हटलं. कर्-तात्. तुमची बोटं क्रेटवर दोनदाच वाजली. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा दोनच. अक्का, जन्मभर मराठी बोलत आलेली मी, आणि माझ्या भाषेतसुद्धा लिहिलेले 'अ' आपण गिळतो, हे त्या दिवशी शेडमध्ये कळलं. तुम्ही म्हणालात, "भजनात समदं म्हनतो, लांबवून. बोलताना कुनाला येळ हाय?" फ्रेंचमध्येही तसंच आहे, गाताना ते मुके स्वर बोलते होतात, हे पुस्तकात वीस पानं पुढे होतं.

जोडून बोलायचं तुम्हाला सगळ्यात आवडलं. 'वू' च्या शेवटी एक 'एस' असतो, एरवी मुका. पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तो जागा होतो, 'झ' होऊन पुढच्या शब्दात जाऊन बसतो. वू-झा-वे, तुमच्याकडे आहे. हे मला नेहमी चुकायचं. मी 'वूझ' म्हणून थांबायची आणि मग 'आवे' म्हणायची. तुम्ही म्हणालात, "त्ये लेकरू हाय. आईपाशी मुकं बसतंय, शेजारीन आली की तिच्या कडंवर जातंय आन् मंग बोलाया लागतंय. तू त्याला आईपाशीच धरून ठिवतीस. सोड की त्याला." मी सोडलं. पुन्हा कधी चुकलं नाही. आज वर्गात मी हेच सांगते आणि मुलं हसून लक्षात ठेवतात.

दुसऱ्या वर्षी परीक्षेला तुम्ही बरोबर आलात. कुणी सांगितलं नव्हतं. हिरवी काठाची साडी नेसून एसटी स्टँडवर माझ्याआधी उभ्या होतात, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू. संस्थेच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहिलात. आत परीक्षक म्हणून पिकल्या केसांच्या एक फ्रेंच बाई होत्या. मी उतारा वाचला, म्हणजे अक्का, वाचला नाही, बोलले. टेबलाखाली मांडीवर बोटं वाजत होती. त्या बाई गप्पांमध्ये घरचं विचारत राहिल्या. मी शेडबद्दल, टोमॅटोबद्दल सांगितलं. वेळ संपली तरी आम्ही बोलत होतो.

त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. तुम्ही बाकावरून उठून उभ्या राहिलात. बाईंनी मला फ्रेंचमध्ये विचारलं, एवढे स्वच्छ उच्चार कुठे शिकलात?

तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर होतात. टोमॅटोच्या झाडांनी काळी-हिरवी झालेली तुमची बोटं पिशवीच्या बंदावर होती. बाजूला शहरातल्या मुली उभ्या होत्या. आणि मी म्हटलं, कॅसेट ऐकून. बाईंनी तुमच्याकडे बघून विचारलं, आणि या? मी म्हटलं, घरच्या आहेत.

बाई हसून आत गेल्या. थोड्या वेळाने निकाल कळला, मी पास झाले होते.

एसटीत आपण चाकणपर्यंत खूप बोललो, लाडू खाल्ले. मंचरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणालात, "त्या बाईंनी इचारलं ना, कुटं शिकलीस म्हनून?"

"हो."

"आन् तू कॅसेट म्हनालीस."

तुम्हाला एवढं फ्रेंच समजणार नाही, असं मी धरून चालले होते, आणि तो एक शब्द नेमका दोन्हीकडे सारखा निघाला.

"त्यांच्यात पन कॅसेटच म्हंत्यात व्हय?"

"हो, अक्का."

"बरं हाय," तुम्ही म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत राहिलात. तुम्ही रागावला असतात तर मी माफी तरी मागितली असती. नारायणगावला उतरल्यावर तुम्ही माझी पिशवीही तुमच्याच हातात घेतलीत, "दमली आसशील" म्हणून. मी सोबत चालत राहिले. तेव्हा बोलायचं राहिलं ते राहूनच गेलं.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली, नाही का? विलासने खालच्या पट्टीत द्राक्षं लावली. माझी मुलगी झाली, तुमच्या मुलांच्या मागे मागे वाढली. घरात फोन आला. आणि त्या फोनवरची गोष्ट तर तुम्ही मरेपर्यंत पाहुण्यांना सांगत होतात.

बोरी बुद्रुकचे विलासचे एक मित्र, त्यांची द्राक्षं परदेशी जायला लागली होती. फ्रान्सचा एक साहेब बाग बघायला येणार होता. दुभाषी म्हणून मी, आणि जेवण आपल्या घरी, असं ठरलं. मी बोरीलाच गेले होते तेव्हा मुंबईहून साहेबाकडच्या एका फ्रेंच बाईंचा फोन आला. घरात तुम्ही. मी परत आले तर तुम्ही उंबऱ्यात वाट बघत उभ्या.

"बाईचा फोन आला व्हता. म्हनली, इल व्येन समदी. म्हंजी समदी येनार."

मला हसू आवरेना. "अक्का, साम्‌दी म्हणजे शनिवार. शनिवारी येणार. आणि समदी नाहीत, एकच साहेब आहे. तो येतो, इल व्यँ."

"व्यँ न्हाई, व्येन. शेवटाला न व्हता."

'तो येतो' आणि 'ते येतात' यांत तेवढाच फरक. एकात आवाज नाकात राहतो, दुसऱ्यात 'न' वर जीभ टेकते. फोनवरून मलासुद्धा तो सहज कळला नसता.

"तुम्हाला तसं वाटलं असेल."

"वाटलं न्हाई. म्या इचारलं तिला. व्यँ? म्हनलं. ती म्हनली, नों, नों, व्येन."

"साहेब एकटाच आहे, पत्र आलंय," विलास म्हणाले. तुम्ही त्यांच्याकडे लक्षही दिलं नाहीत. शनिवारी सकाळी तुम्ही आठ माणसांच्या मासवड्या थापल्यात. आत्याबाई म्हणत राहिल्या, हिराला येड लागलंय. दुपारी जीप आली. साहेब उतरला, मग आणखी दोघे साहेब उतरले, मग ती फोनवाली बाई. तुम्ही चुलीपाशी उभ्या राहून एकेकाला मोजलंत आणि विलासना म्हणालात, "भावजी, पाट मांडा. समदी आल्यात."

ती बाई मला विचारत होती, फोनवर बोलल्या त्या कोण? फ्रान्समध्ये राहून आल्यात का? या वेळी मी तुमचा हात धरून तुम्हाला बाहेर आणलं. सांगितलं, या माझ्या जाऊबाई. पण अक्का, त्यांच्याकडूनच मी शिकले, हे पुढचं वाक्य पुन्हा राहिलं. जेवणाची गडबड होती, मासवडी कशाची असते ते त्यांना समजावायचं होतं. कारणं काय, मिळतातच.

पुढे नारायणगावच्या एका शाळेत आठवीपासून फ्रेंच सुरू झालं आणि मला नोकरी लागली. संध्याकाळी ओट्यावर बसून मी श्रुतलेखनाचे पेपर तपासायची, तुम्ही शेजारी शेंगा सोलायचात. एकदा तुम्ही एक पेपर उचललात. एका मुलीने 'इल पार्ल' ऐकलं तसंच लिहिलं होतं, ई-एन-टी न लावता. मी लाल फुली मारली होती.

"हिनं आयकलं बरुबर?"

"हो, ऐकलं बरोबर."

"मंग फुली कशाला?"

"शेवटची अक्षरं लिहिली नाहीत."

"म्हनत न्हाई त्ये तिनं लिवायचं कसं?"

मी नियम सांगायला लागले. तुम्ही शेंगा सोलायच्या थांबलात. आणि मग इतक्या वर्षांत कधी न सांगितलेलं सांगितलंत. सातवीत गुरुजींनी श्रुतलेखन घातलं. तुम्ही ऐकल्यासारखं, बोलल्यासारखं लिहिलंत. 'व्हतं' लिहिलंत, 'न्हाई' लिहिलंत, 'आमी' लिहिलंत. गुरुजींनी तुम्हाला उभं करून ते वर्गाला वाचून दाखवायला लावलं. पोरं हसली. मग रोजच हसायला लागली. सातवी कशीबशी पुरी केलीत, आणि जूनमध्ये आठवीला गेलाच नाहीत.

"समद्यांना वाटतं घरच्यांनी काढलं. घरच्यांनी न्हाई काढलं. मीच ग्येले न्हाई."

मी सातवीवरून तुम्हाला काय बोलले होते ते मला आठवलं. तुम्हालाही आठवलं असणार. तुम्ही सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवलेत आणि म्हणालात, "खा."

त्या पेपरापासून मी दोन प्रकारचे मार्क द्यायला लागले. लिहिलेलं चुकलं पण ऐकलेलं बरोबर असेल तर अर्धा मार्क. तुम्हाला ते पुरेसं वाटलं नाही. "अर्धाच?" रोज हा वाद. मी म्हणायची, "अक्का, प्रत्येकाने आपल्या कानासारखं लिहिलं तर बोरीच्या माणसाचं पत्र मुंबईचा माणूस कसा वाचणार?" तुम्ही म्हणायचात, "मोठ्यानं वाचंल. मोठ्यानं वाचलं की समदं कळतं." मला अजूनही तुमचं पटलेलं नाही. अजूनही उत्तर सापडलेलं नाही. शाळेतून आल्या आल्या तुमचा पहिला प्रश्न असायचा, "आज कुनाला फुली?" आणि एखाद्या दिवशी मी "कुणालाच नाही" म्हटलं की तुम्ही चहा जास्त गोड करायचात.

शेवटच्या महिन्यात तुमचा आवाज बारीक झाला. शब्दांचे शेवट गळून पडायला लागले. भेटायला आलेल्यांना काही कळायचं नाही. ते वाकून मोठ्याने विचारायचे, "काय म्हनतेस हिरा?" आणि तुम्ही कंटाळून डोळे मिटायचात. मला मात्र सगळं कळायचं, अगदी अर्ध्या शब्दापर्यंत. पाणी हवं, उशी उंच करा, खिडकी उघडा, आत्याबाई जेवल्या का. घरातले सगळे मला विचारायचे, ही काय म्हणतेय. शेवटी मी तुमचीच दुभाषी झाले. त्या दिवसांचं मला दुःख नाही, अक्का. आपण एवढ्या बारकाईने एकमेकींना आधी कधी ऐकलं नव्हतं.

काल दहावा झाला. मीना नदीच्या घाटावर सगळा गाव होता. प्रवचन झालं, मग नेहमीची भाषणं. एकेक जण माइकपाशी येऊन सांगत होता, कष्टाळू माउली, प्रेमळ माउली, घर बांधून ठेवलं. सगळं खरंच होतं. पण कुठल्याही माउलीबद्दल ते बोलता आलं असतं. शेवटी सूत्रसंचालकांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का? आणि मी उठले. आपल्याकडे घाटावर बायका बोलत नाहीत. विलासने मान वर करून पाहिलं, मग बाजूला सरकून वाट दिली.

मी म्हटलं, "हिराक्का माझ्या शिक्षिका होत्या. मी शाळेत फ्रेंच शिकवते, ते त्यांनी मला शिकवलेलं आहे. पुण्याला एका बाईंनी मला विचारलं होतं, कुठे शिकलात म्हणून. अक्का शेजारी उभ्या होत्या आणि मी त्यांचं नाव घेतलं नाही. ते आज घेते."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागे कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, बिचारीनं लई मनाला लावून घेतलंय. मी माइक परत दिला आणि खाली येऊन बसले. छाती हलकी झाली होती.

लोक पांगल्यावर दादा माझ्याजवळ पायरीवर येऊन बसले. तुम्हाला माहीतच आहे, तुमचा नवरा दिवसात दहा वाक्यं बोलत नाही. पाण्याकडे बघत म्हणाले, "मला म्हाईत व्हतं. तिनं सांगितलं व्हतं."

"कधी?"

"तुमी पुन्याहून आला त्याच दिशी. म्या गोठ्यात व्हतो. पिशवी बी खाली ठिवली न्हाई तिनं, तशीच गोठ्यात आली. म्हनली, आज मी पास झाले."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, "सुजाता पास झाली म्हणाल्या की आम्ही पास झालो?"

"न्हाई न्हाई," दादा म्हणाले. "मी. मी पास झाले म्हनली. आन् लई हसत व्हती."

मग दादा उठले, पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, चल, घरी समदी जेवायची थांबल्यात. मी त्यांच्या मागून निघाले. अक्का, गेल्या दहा दिवसांत काल पहिल्यांदा मी पोटभर जेवले.